भिंतीवरचं दुसरं नाव

दोस्तांनो, सुट्टी लागली की तुम्ही मामाच्या गावाला जाता. आजीकडे जाता, मावशीकडे जाता. पण तुमचे आजी-आजोबा कुणाकडे जातात, याचा कधी विचार केलाय? त्यांनाही मामा होते, मावश्या होत्या. कुणाकुणाच्या तर अजूनही आहेत! माझंच बघा ना. माझं वय ६७. आणि माझी आत्या आहे ९१ वर्षांची, कोल्हापुरात राहणारी, खणखणीत आवाजाची.

२०२५ च्या नोव्हेंबरात एका सकाळी तिचा फोन आला.

"काय रे, येतो येतो म्हणतोस आणि येत नाहीस. आता मी काय पुढच्या वर्षाची वाट बघत बसू?"

मी म्हणालो, "येतो गं आत्या. डिसेंबरात नक्की."

"ये. सूनबाईला घेऊन ये. आणि हे बघ," इथं तिचा आवाज जरा खाली आला, "आलास की पन्हाळ्यावर जाऊन ये. तुम्ही दोघांनी तिथं भिंतीवर नावं लिहिली होतीत ना? दादानं मला सांगितलं होतं. त्याचं नाव अजून आहे का, तेवढं बघ आणि मला सांग."

मी नुसतं "हो" म्हणालो आणि फोन ठेवला.

दादा म्हणजे माझा आत्येभाऊ. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. २०१९ साली तो गेला. आणि भिंतीवरच्या नावांची गोष्ट मी तोवर कुणालाही सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही!

आता बायकोची ओळख करून द्यायला हवी. मी तिला हाक मारतो 'अगं' म्हणून आणि ती मला 'अहो' म्हणून. त्यामुळे या लेखात तिचं नाव 'ही'. आमच्याकडे एक छोटी लाल गाडी आहे, १२ वर्षांची. गाडी चालवते ही. मी शेजारी बसून नकाशा बघतो, धपाट्यांचा डबा सांभाळतो आणि मधूनमधून "जरा हळू" म्हणतो. "तुम्ही डब्याकडे लक्ष द्या, रस्त्याकडे मी बघते," असं ही म्हणते. असा आमचा प्रवास.

डिसेंबरच्या एका गार सकाळी आम्ही पुण्याहून निघालो. कात्रज मागे पडलं, खंबाटकीचा घाट चढून उतरलो आणि सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळून वाईला आलो. वाई म्हटलं की कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपती. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. आत एवढा मोठा गणपती बसलाय की 'ढोल्या' हे नाव कुणी आणि का ठेवलं, हे विचारावंच लागत नाही. याच वाईत मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक.

पण आम्हाला बघायची होती एक घंटा. त्यासाठी वाईहून तीन-चार किलोमीटरवरच्या मेणवलीला गेलो. पेशवाईतले मोठे कारभारी नाना फडणवीस यांचा वाडा तिथं कृष्णेच्या काठी उभा आहे. वाड्याच्या मागून उतरलं की दगडी घाट, घाटावर देवळं, आणि मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली ही भलीमोठी घंटा. तिच्याजवळ जाऊन नीट बघा हं. तिच्यावर कुठल्याही देवाचं नाव नाही. बाळ येशूला घेतलेली मेरीमाता आहे! आणि साल आहे १७०७.

कृष्णेकाठच्या शंकराच्या देवळाजवळ मेरीमाता कशी आली? तर चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्या वेळी तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. त्यातलीच ही एक. मला कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. घंटा देवळात लावली, पण तिच्यावरचं चित्र कुणी घासून काढलं नाही. साल खोडलं नाही. म्हणून तर आज घंटा स्वतःच आपली गोष्ट सांगते.

"एक साल लिहिलेलं असलं की केवढं कळतं नाही?" ही म्हणाली.

मी 'हं' म्हणालो. मला दुसरंच एक साल आठवत होतं. १९७०.

मुक्काम साताऱ्याला, अक्काकडे. अक्का माझी सख्खी थोरली बहीण. दारातच तिनं माझ्याकडे बघून "किती वाळलास!" म्हटलं आणि हिच्याकडे बघून "तू मात्र छान दिसतेस" म्हटलं. बहिणी अशाच असतात, वय कितीही होऊ दे! रात्री गरम भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेवटी साताऱ्याचे कंदी पेढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं मिळून अजिंक्यताऱ्यावर गेलो. गाडी बरीच वरपर्यंत जाते, त्यामुळे अक्काचे गुडघे खूश होते. वरून सगळं सातारा शहर दिसतं. हा किल्ला घ्यायला खुद्द औरंगजेब बादशहा आला होता. १६९९ च्या डिसेंबरात वेढा पडला आणि १७०० च्या एप्रिलमध्ये किल्ला त्याच्या हाती गेला. इतका मोठा बादशहा, एवढी फौज, तरी कित्येक महिने लागले. पण मराठ्यांनी किल्ला परत मिळवला. पुढे १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला.

तटावर बसून आम्ही धपाटे खाल्ले. शेजारच्या दगडावर पांढऱ्या रंगात कुणीतरी बदामाचं चित्र काढून त्यात दोन नावं लिहिली होती. अक्का कडाडली, "काय मेली पोरं! यांच्या आई-बापांनी काही शिकवलं नाही का?"

ही म्हणाली, "खरंय अक्का."

माझ्या घशात धपाटा अडकला. मी पाणी प्यायलो.

दुपारी अक्काचा निरोप घेऊन कोल्हापूरची वाट धरली. वाटेत कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थांबलो. इथं कोयना कृष्णेला मिळते, आणि गंमत म्हणजे दोघी अगदी समोरासमोरून येऊन भेटतात. जवळच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, त्याचे ते पहिले मुख्यमंत्री.

नदीकडे बघत बसलो असताना हिनं एकदम विचारलं, "अहो, काय झालंय? काल मेणवलीपासून तुम्ही गप्प आहात."

मग मी सांगितलं. सगळं.

तुम्हालाही सांगतो. १९७० सालची दिवाळीची सुट्टी. मी सातवीत, दादा नववीत. मी आत्याकडे कोल्हापूरला गेलो होतो. दादा म्हणाला, "चल, पन्हाळा दाखवतो." आत्यानं भाकरी बांधून दिली, पैसे दिले आणि आम्ही एसटीनं गेलो. दिवसभर हुंदडलो. दादा मला सगळं समजावून सांगत होता, जणू किल्ला त्याच्याच मालकीचा! दमून आम्ही एका जुन्या चौकीत सावलीला बसलो. आतल्या भिंतीला चुन्याचा गिलावा होता. स्वच्छ, मऊ, पांढुरका. दादाच्या खिशात कंपासपेटीतलं कर्कटक होतं. त्यानं भिंतीवर आपलं नाव कोरलं. खाली 'इयत्ता नववी, १९७०'. दादाचं अक्षर फार सुंदर होतं बरं का! शाळेचा फळा रोज तोच लिहायचा. मग त्यानं कर्कटक माझ्याकडे दिलं. मी त्याच्या खाली माझं नाव कोरलं. माझं अक्षर वेडंवाकडं. शेवटचं अक्षर तर घसरून पार खाली गेलं. दादा खूप हसला. मला त्या दिवशी वाटलं होतं, आपण शूर झालो.

गोष्ट ऐकून ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या-परवा जाऊन बघू या. पण मी तुमची बाजू घेणार नाही हं."

"घेऊ नकोस," मी म्हणालो.

संध्याकाळी कोल्हापूरला पोचलो. आत्या दारात खुर्ची टाकून बसली होती. "आलास होय रे?" म्हणाली आणि माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. तिला आता कमी दिसतं. रात्री तिनं सुनेकडून तांबडा-पांढरा रस्सा करवून घेतला होता. शेजारी बसून "अजून घे, अजून घे" चाललं होतं. पन्हाळ्याचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही खिद्रापूरला गेलो. कोल्हापूरहून साधारण ६० किलोमीटर, कर्नाटकच्या सीमेजवळ, पुन्हा आपल्या कृष्णेच्याच काठी. तिथलं कोपेश्वराचं देऊळ तुम्ही पाहिलं नसेल, तर आई-बाबांच्या मागे लागा आणि बघाच. हे शिलाहार राजांच्या काळातलं देऊळ. बाहेरून पायाशी दगडी हत्तींची रांग आहे, जणू सगळं देऊळ त्यांनी पाठीवर तोललंय. पुढे स्वर्गमंडप. त्याला ४८ खांब आहेत, आणि छताच्या मधोमध मोठा गोल मोकळा ठेवलेला. खाली उभं राहून वर बघितलं की थाळीएवढं आकाश दिसतं. आम्ही गेलो तेव्हा त्या थाळीतून एक घार गेली.

या देवळात शिलालेख आहेत. बरेचसे जुन्या कन्नड लिपीत आहेत. एक मात्र देवनागरीत आहे. तो यादव राजा सिंघणदेव याचा, १३व्या शतकाच्या सुरुवातीचा. या देवाच्या पूजेअर्चेसाठी राजानं गाव दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. म्हणजे दगडावरची ती पावतीच म्हणा ना. कागद फाटेल, माणसं विसरतील, म्हणून दगडात लिहून ठेवलं. आठशे वर्षं झाली, अजून अक्षरं लागतात.

आणि आता हे नाव लक्षात ठेवा, सिंघणदेव. कारण याच सिंघणदेवानं शिलाहार राजा दुसरा भोज याला हरवलं. आणि त्या भोजाची राजधानी कुठं होती? पन्हाळ्यावर! किल्ला बांधला तोही भोजानंच. खिद्रापूर आणि पन्हाळा यांच्यात असं आठशे वर्षांपूर्वीचं नातं आहे.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पन्हाळ्याला निघालो. कोल्हापूरहून जेमतेम २० किलोमीटर. निघताना आत्या एवढंच म्हणाली, "फोटो काढून आण."

पन्हाळ्याची गोष्ट तुम्हाला शाळेत शिकवली असेलच. १६६० साली शिवाजी महाराज या किल्ल्यात होते आणि सिद्दी जौहरनं बाहेरून वेढा घातला होता. सुमारे चार महिने वेढा चालला. पावसाळा आला तरी सिद्दी हलेना. मग जुलैमधल्या एका पावसाळी रात्री महाराज निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. शत्रूला फसवण्यासाठी दुसऱ्या पालखीत शिवा काशीद महाराजांचं सोंग घेऊन बसला. सोंग उघडं पडणार आणि आपण मरणार, हे त्याला ठाऊक होतं. पुढे खिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढत राहिले. या दोघांचेही पुतळे आज पन्हाळ्यावर आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यातला एक पन्हाळा.

आम्ही अंबारखाना बघितला. धान्याची ही प्रचंड कोठारं बघितली की एवढा लांब वेढा किल्ल्यानं कसा सोसला, हे कळतं. अंधारबावडी बघितली. ही तीन मजली विहीर आहे. खाली पाणी, वर पहारेकऱ्यांची जागा, आणि मधल्या मजल्यातून तटाबाहेर पडायची वाट. शत्रूनं विहिरीत विष कालवू नये, म्हणून विहीरच अशी झाकून टाकलेली! मग तीन दरवाजा. त्याच्या कमानीवर फारसी भाषेतला लेख आहे. एका बाईंकडे झुणका-भाकर आणि ताक घेतलं. आणि मग ही म्हणाली, "आता चला. किती वेळ टाळणार?"

ती चौकी नेमकी कुठं आहे, हे मी तुम्हाला सांगणार नाही. रागावू नका. कारण पुढे कळेल.

आम्ही दाराशी पोचलो तर आतून आवाज येत होते. सहलीला आलेली दोन मुलं आत होती, सातवी-आठवीतली असावीत. भिंतीला नाक लावून काहीतरी वाचत होती.

"अरे हे बघ, १९७०! किती जुनं आहे!"

"पंचावन्न वर्षं. म्हणजे ऐतिहासिकच की!"

"मग आपणही लिहू. पंचावन्न वर्षांनी आपणही ऐतिहासिक."

त्यातल्या एकानं खिशातून किल्ली काढली.

दोस्तांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मागच्या मागे निघून जावं असं मला वाटलं. कुणाला काय कळणार होतं? पण ही माझ्याकडे बघत होती. काही न बोलता.

मी आत गेलो आणि म्हणालो, "बाळांनो, ते दुसरं नाव आहे ना, वेडंवाकडं, ते माझं आहे."

दोघं माझ्याकडे बघून हसायला लागली. त्यांना वाटलं, आजोबा थापा मारतायत. मग मी पाकिटातून आधार कार्ड काढून दाखवलं. एकानं कार्ड वाचलं, भिंत वाचली, पुन्हा कार्ड वाचलं. हसणं थांबलं.

"मग तुम्हाला कुणी पकडलं नाही?" किल्लीवाल्यानं विचारलं.

"नाही."

"मग आम्हीच का लिहायचं नाही?"

प्रश्न बरोबर होता की नाही? तुम्ही असता तर तुम्हीही हेच विचारलं असतं. मला सांगता आलं असतं की १९५८ च्या कायद्याप्रमाणे संरक्षित वास्तू खराब केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ते खरंच आहे. पण ज्याला स्वतःला शिक्षा झाली नाही, त्यानं दुसऱ्याला शिक्षेची भीती कुठल्या तोंडानं घालायची?

मी म्हणालो, "जरा भिंत नीट बघू या. आम्ही लिहिलं, तेव्हा या भिंतीवर एकही नाव नव्हतं."

आणि तेव्हा मी स्वतःही ती भिंत पहिल्यांदा नीट बघितली. दादाचं नाव होतं. ते सुंदर, ठसठशीत अक्षर. त्याच्या खाली माझं. आणि मग आमच्या खाली, वर, बाजूला, तिरपी, आडवी, एकावर एक नावं. गावांची नावं. बदाम. बाण. मोबाईल नंबर. मुलं मोजायला लागली. ६३ पर्यंत मोजलं आणि मग एकात एक गुंतलेली नावं मोजता येईनात. हात ठेवायला मोकळी जागा उरली नव्हती.

"सगळ्यांत जुनं साल कोणतं?" हिनं विचारलं.

मुलांनी शोधलं. "१९७०," किल्लीवाला म्हणाला.

म्हणजे सुरुवात आमची.

मी त्यांना गिलावा दाखवला. जुने कारागीर चुना आणि वाळू दगडी चाकाच्या घाण्यात मळायचे. गोल चर, त्यात दगडी चाक, आणि ते ओढायला बैल. चुना चिवट व्हावा म्हणून त्यात गूळ, बेलफळं, हिरडा अशा वस्तू घालायचे. मग वरून गुळगुळीत घोटायचे. तो वरचा थर म्हणजे भिंतीची कातडी. तिला ओरखडा पडला की ओल आत शिरते. पन्हाळ्यावर पाऊस किती पडतो! ओलीनं चुना सुटतो, शेवाळं धरतं, बारीक रोपं मुळं घुसवतात. रंगानं लिहिलेलं निदान जाणकार लोक औषधं लावून काढू शकतात. कोरलेलं कसं काढणार? दादाच्या नावाच्या डाव्या बाजूला हातभर गिलावा निखळून आतला दगड उघडा पडला होता.

दुसरा मुलगा आतापर्यंत गप्प होता. तो म्हणाला, "पण आजोबा, तीन दरवाज्यावर पण लिहिलंय की. राजे लोक लिहितात ते चालतं?"

मला आधी उत्तर सुचेना. मग खिद्रापूरचा लेख आठवला. मी म्हणालो, "त्यांनी दरवाजा बांधला आणि लिहिलं की कुणाच्या काळात बांधला. सिंघणदेवानं गाव दिलं आणि लिहिलं की गाव दिलं. आम्ही काय बांधलं होतं? आम्ही भाकरी खाल्ली आणि नाव लिहिलं."

तो फिस्सकन हसला. बाहेरून त्यांच्या बाईंची हाक आली आणि दोघं पळाली. त्यांना पटलं की नाही, देव जाणे. पण किल्ली खिशात गेली, एवढं मी बघितलं.

मी मात्र तिथंच उभा राहिलो. दादाच्या अक्षरांवरून बोट फिरवावंसं वाटत होतं. त्यानं लिहिलेलं ते नाव मला हवं होतं, आणि ते तिथं असायला नको होतं. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या. मी बोट फिरवलं नाही. गिलावा आणखी निखळला असता. फोटो काढला, नुसत्या नावाचा नाही, सगळ्या भिंतीचा.

संध्याकाळी आत्याला फोटो दाखवला. मोठा करून, डोळ्यांजवळ धरून, वर भिंग लावून तिनं बघितला.

"अक्षर त्याचंच," ती म्हणाली. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "आणि ही बाकीची कुणाची रे एवढी?"

मी सांगितलं. मुलांची गोष्टही सांगितली.

"म्हणजे सुरुवात आपल्या घरातून," आत्या म्हणाली. "सदऱ्याला चिखल लावून आलात म्हणून त्या दिवशी मी दोघांना बदडलं होतं. याच्यासाठी बदडायला हवं होतं!"

हिला हसू आवरेना. आत्याही हसली. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, "माझ्या ट्रंकेतली निळी वही आण गं."

निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली वही. वरती तेच सुंदर अक्षर. दादाचं नाव, इयत्ता नववी. आत त्या दिवसाचा हिशेब होता. एसटीचं तिकीट, शेंगदाणे, चिक्की, उरलेली चिल्लर. खाली किल्ल्यावरच्या जागांची यादी, प्रत्येकीपुढे एक-एक ओळ. अंबारखान्यापुढे लिहिलं होतं, 'आवाज घुमतो.' अंधारबावडीपुढे, 'भाऊ घाबरला, मी नाही.' (हे साफ खोटं आहे!) आणि तीन दरवाज्यापुढे लिहिलं होतं, 'वर फारसी लेख आहे. वाचता आला नाही. कुणाला तरी विचारायचे.'

ती वही मी पहिल्यांदाच बघत होतो. हे सगळं त्यानं लिहून ठेवलं होतं, आणि मला माहीत होती ती फक्त भिंत.

आत्यानं वही माझ्या हातात दिली. "तू घेऊन जा. मला आता दिसत नाही. पण तो प्रश्न त्याचा तसाच राहिलाय बघ."

पुण्याला परत येताना गाडी चालवत होती ही. मी मांडीवर वही घेऊन बसलो होतो आणि एकदाही "जरा हळू" म्हणालो नाही. घरी आल्यावर पुस्तकं काढून शोधलं. तीन दरवाज्यावरचा तो लेख १६व्या शतकातला, विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातला. दरवाजा कुणाच्या राजवटीत बांधला, ते त्यात सांगितलंय. दादाच्या ओळीखाली मी पेन्सिलनं, शक्य तितक्या चांगल्या अक्षरात, तेवढं लिहिलं. पुढे तारीख घातली आणि आत्याला फोन करून वाचून दाखवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता पुढच्या वेळी खिद्रापूरला मलाही न्या."

तर दोस्तांनो, उन्हाळ्यात आम्ही पुन्हा निघणार आहोत. मागच्या सीटवर आत्या असेल. तुम्हीही कुठंतरी जालच. जाताना दप्तरात एक वही ठेवा. पन्हाळ्याला गेलात, तर तीन दरवाज्यावरचा लेख मान वर करून नक्की बघा. आणि कुठल्या चौकीत १९७० साल दिसलं, तर त्यातलं वेडंवाकडं नाव कुणाचं, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.